न केलेल्या खरेदीचे मेल: कुठला खरा, कुठला खोटा, आणि आधी काय करायचं?

आबोली_फोंडा
गेल्या आठवडाभरात कार्डावरच्या खरेदीचे तीन मेल आलेत. तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेचे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला एका अनोळखी जीमेल पत्त्यावरून आला. मजकूर दोनच ओळींचा, सोबत पीडीएफ बिल. अँटिव्हायरसचं वर्षाचं नूतनीकरण, रक्कम ३४,९९९ रुपये, आणि 'ही खरेदी तुम्ही केली नसेल तर २४ तासांत या क्रमांकावर फोन करा'. कार्डाचा एकही आकडा त्यात नाही.

दुसरा एका मोठ्या खरेदीच्या संकेतस्थळाचा, दिसायला अगदी खरा. मिक्सर मागवलाय, पत्ता वास्कोचा, आडनाव आमचंच पण नाव दुसऱ्याचं. कार्डाचे शेवटचे चार आकडे दिलेत, ते आमच्या घरातल्या कुठल्याच कार्डाचे नाहीत.

तिसरा बँकेचा. यजमानांच्या डेबिट कार्डावर ८९ रुपयांची परदेशातली खरेदी, दुकानाचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. हे शेवटचे चार आकडे मात्र आमचेच. यजमान बोटीवर आहेत, बँकेत नोंदवलेला मोबाइल त्यांच्याजवळ. मेलचा पत्ता दोघांचा सामायिक आहे, म्हणून मला कळलं तरी. कार्ड बंद केलं तर परदेशी बंदरात त्यांची अडचण होईल. नाही केलं तर काय होईल, ही भीती.

यातला कुठला मेल खरा धरायचा, तक्रार कोणी करायची, आणि किती दिवसांत?


मांडवीकाठ
आबोलीताई, आधी एक गोष्ट: मेल खरा की खोटा हे मेलकडे बघून ठरवत बसू नका. मेल बाजूला ठेवा आणि बँकेचं ॲप स्वतः उघडून त्या तारखेचे व्यवहार बघा. पैसे गेलेत की नाहीत हे फक्त खातं सांगतं. मेलमधल्या दुव्यावरून ॲप किंवा संकेतस्थळ उघडायचं नाही, मेलमधल्या क्रमांकावर फोन करायचा नाही. बँकेचा क्रमांक कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो, तोच लावायचा. गुगलवर शोधून मिळालेला क्रमांकही नको. बँकांच्या नावाने खोटे क्रमांक शोधनिकालांत आणि नकाशावरच्या नोंदींत घुसवलेले असतात.

बघताना नुसती शिल्लक बघून थांबू नका. डेबिट कार्डाचा व्यवहार काही वेळा आधी नुसता 'राखून ठेवलेला' दिसतो आणि खात्यातून प्रत्यक्ष एक-दोन दिवसांनी वळता होतो. क्रेडिट कार्डाला तो 'बिल न झालेले व्यवहार' या भागात असतो. मासिक पत्रकात तेव्हा तो नसणारच.

आता तुमचा पहिला मेल. हा शंभर टक्के सापळा आहे आणि तो कसा चालतो हे घरात सगळ्यांना, विशेषतः वयस्कर माणसांना, सांगून ठेवण्यासारखं आहे. यात दुवा नसतो, म्हणून मेलच्या गाळणीला पकडायला काही सापडत नाही. सगळा मजकूर पीडीएफच्या चित्रात आणि हत्यार एकच, फोन क्रमांक. रक्कम मुद्दाम मोठी ठेवतात, माणूस घाबरून स्वतःहून फोन करतो. पलीकडे गोड बोलणारा माणूस असतो. 'लगेच रद्द करतो, फक्त परताव्याचा अर्ज भरा' म्हणतो आणि त्यासाठी एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं ॲप उतरवायला लावतो. एकदा पडदा त्याच्या ताब्यात गेला की तो तुमच्याच मुदत ठेवीतले किंवा दुसऱ्या खात्यातले पैसे बचत खात्यात वळवतो आणि ओरडतो, 'अहो, ३४,९९९ ऐवजी चुकून ३,४९,९९९ जमा झाले, जास्तीचे परत पाठवा, नाहीतर माझी नोकरी जाईल.' शिल्लक खरोखरच वाढलेली दिसते, त्यामुळे सज्जन माणूस स्वतःचेच पैसे त्याला पाठवून मोकळा होतो.

म्हणून या मेलला उत्तर नाही, फोन नाही, 'सदस्यत्व रद्द करा'वर बोट नाही. 'फिशिंग म्हणून कळवा' करून काढून टाका. पीडीएफ नुसती उघडून पाहिली असेल तर घाबरू नका, फोनवरच्या नेहमीच्या वाचकात उघडल्याने पैसे जात नाहीत. फोन केला असेल आणि ॲप उतरवलं असेल तर मात्र आधी इंटरनेट तोडा, मग ॲप काढा, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.


डिचोलीकर_आयटी
वरचं पटतं, पण मेल तपासता आलेलाही बरा. खोटे मेल आता शुद्धलेखनाच्या चुकांवरून ओळखता येत नाहीत, ते दिवस गेले.

संगणकाच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके, मग 'मूळ दाखवा'. फोनच्या ॲपमध्ये ही सोय नाही, त्यामुळे फोनवर शोधत बसू नका. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतात, प्रत्येकीपुढे 'पास' किंवा 'फेल'. डोमेन म्हणजे मेल पत्त्यात ॲट चिन्हानंतर येणारं नाव. एसपीएफ म्हणजे हा सर्व्हर त्या डोमेनच्या वतीने मेल पाठवायला परवानगी असलेला आहे का. डीकेआयएम म्हणजे मेलवर त्या डोमेनची सही आहे का, आणि वाटेत मजकूर बदलला तर नाही ना. डीमार्क म्हणजे या दोनपैकी निदान एक 'पास' तुम्हाला 'प्रेषक' म्हणून दिसणाऱ्या डोमेनशी जुळतो का. बघायचं ते डीमार्क आणि 'प्रेषक' ओळीतलं डोमेन. बँकेचं नाव लावलेला मेल डीमार्कला फेल असेल तर तो विसरा.

पण इथे बहुतेकांची एक चूक होते. 'पास' म्हणजे मजकूर खरा, असं नाही. 'पास' एवढंच सांगतं की मेल त्या डोमेनवरून आलाय. ठगाने स्वतः डोमेन विकत घेऊन नीट बसवलं तर त्यालाही तिन्ही 'पास' मिळतात. त्याहून वाईट म्हणजे, ज्या सेवांमधून कोणीही कोणालाही बिल किंवा पैशांची मागणी पाठवू शकतो, अशा अस्सल सेवांचं खातं उघडून ठग तिथूनच बिल पाठवतात आणि 'टीप' या रकान्यात आपला फोन क्रमांक घालतात. मेल अस्सल, सही अस्सल, आतला दावा खोटा. असं बिल कोणीतरी मागितलेले पैसे असतात, गेलेले पैसे नव्हेत. तुम्ही 'भरा' दाबत नाही तोवर काही होत नाही.

डोमेन वाचायची पद्धत: शेवटाकडून मागे वाचा. 'अलर्ट्स डॉट अमुकबँक डॉट बँक डॉट इन' यात मालक अमुकबँक. 'अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट व्हेरिफाय डॉट कॉम' यात मालक व्हेरिफाय डॉट कॉम, पुढचं सगळं नुसतं तोरण. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या डोमेनवर न्यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती, आणि हे डोमेन फक्त बँकांनाच मिळतं. त्यामुळे लॉगिनचं पान या डोमेनवर नसेल तर तिथे काहीही टाइप करू नका. मेल मात्र एखादी बँक जुन्या डोमेनवरून पाठवत असू शकते. एवढ्यावरून तो खोटा ठरवू नका, ॲपमध्ये पडताळा.

एसएमएसचंही थोडक्यात. प्रेषकाच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर येतं: टी म्हणजे व्यवहाराचा, एस सेवेचा, पी जाहिरातीचा, जी सरकारी. दहा आकडी साध्या मोबाइलवरून आलेला 'बँकेचा' एसएमएस हा बँकेचा नसतो. फोनसाठी बँकांना १६०० ने सुरू होणारी क्रमांकांची मालिका दिलेली आहे.


सत्तरी_सुमन
दुसऱ्या मेलबद्दल. मिक्सर मागवणाऱ्याने बहुधा स्वतःचा मेल पत्ता चुकीचा टाकलाय. गोव्यात नाईक, गावकर, गावस, परब, सावंत ही आडनावं घरोघरी, आणि पहिलं अक्षर अधिक आडनाव असे पत्ते फार. एक आकडा विसरला की मेल दुसऱ्याच्या घरी.

जीमेलमध्ये टिंबांना अर्थ नसतो हे लक्षात ठेवा. नावाच्या मध्ये टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकाच खात्याचा, म्हणजे तुमचाच. 'टिंबवाला पत्ता दुसऱ्या कोणाचा असेल आणि जीमेलने गफलत केली असेल' असं होत नाही. मेलच्या 'प्रति' या ओळीत तुमचा पत्ता टिंबांसकट कसा लिहिलाय तो बघा. तुम्ही कधीच न लिहिलेल्या रूपात असेल तर दुसऱ्या माणसाची चूक पक्की.

कार्डाचे आकडे तुमचे नाहीत, म्हणजे पैसे तुमचे नाहीत. तरी दोन गोष्टी करून घ्या. त्या संकेतस्थळाच्या ॲपमध्ये स्वतःच्या नेहमीच्या लॉगिनने जा आणि 'माझ्या ऑर्डरी'त तो मिक्सर आहे का बघा. दिसला नाही तर 'संग्रहित' किंवा 'लपवलेल्या' ऑर्डरींची यादी असेल तीही बघा, कारण खात्यात शिरलेला माणूस ऑर्डर तिथे सरकवून ठेवतो. तुमच्या खात्यात ती कुठेच नसेल तर मदत विभागाला चॅटवर कळवा की या ऑर्डरवर माझा मेल पत्ता चुकून लागलाय, काढा.

आणि हे करू नका: 'पासवर्ड विसरलात?' वापरून त्या माणसाच्या खात्यात शिरून ऑर्डर रद्द करणं. मेल तुमच्याकडे येतो म्हणून ते खातं तुमचं होत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अंगाशी येऊ शकतं. त्याच्या पत्त्यावर, फोनवर संपर्क साधायलाही जाऊ नका.

जोडीने हेही सांगते: अशा मेलनंतर दाराशी 'पैसे देऊन घ्या' असं पार्सल आलं आणि घरातल्या कोणीच मागवलेलं नसेल, तर पैसे न देता परत पाठवा. चवथीच्या आधी घरात पार्सलांची रीघ लागलेली असताना हे हमखास निसटतं.


आबोली_फोंडा
सगळ्यांचे आभार. ॲप उघडून पाहिलं. ३४,९९९ कुठेच नाहीत. मिक्सर आमच्या खात्यात नाही. 'प्रति' ओळीत आमचा पत्ता मध्ये टिंब घालून आहे, तसा आम्ही कधी लिहीत नाही. पण ८९ रुपये खात्यातून खरोखर गेलेत. नाव तेच, परदेशी. यजमानांना व्हॉट्सॲप टाकलाय, बोटीवर जाळं मिळालं की उत्तर येईल. तोवर काय करू? आणि रक्कम इतकी लहान असताना तक्रार करावी का?


मांडवीकाठ
करावी. लहान रक्कम हीच खरी धोक्याची घंटा असू शकते. चोरलेले कार्ड क्रमांक विकण्याआधी किंवा मोठी खरेदी करण्याआधी ते जिवंत आहेत का हे बघायला ठग लहान रकमा काढतात. त्या पचल्या की पुढची हजारांत असते. पण ८९ रुपयांचं साधं कारणही असू शकतं: एखाद्या ॲपची महिन्याची वर्गणी, फुकट चाचणी संपून सुरू झालेली आकारणी, किंवा नवीन ठिकाणी कार्ड जोडताना पडताळणीसाठी घेतलेली रक्कम. पडताळणीची रक्कम काही दिवसांत आपोआप परत येते.

ओटीपी का आला नाही? भारतातल्या दुकानाला ऑनलाइन खरेदीसाठी दुसऱ्या टप्प्याची पडताळणी घ्यावीच लागते. परदेशातल्या दुकानाला ते बंधन नव्हतं, कार्ड क्रमांक, मुदत आणि पाठीमागचे तीन आकडे यांवर व्यवहार होत आलेत, काही ठिकाणी तीन आकडेही मागत नाहीत. म्हणून 'ओटीपी आला नाही म्हणजे बँकेची चूक' असंही नाही आणि 'ओटीपीशिवाय काही जात नाही' हेही खरं नाही. हा दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो.

दुकानाचं नाव वाचायची रीत: तारकाचिन्ह असेल तर त्याआधीचा भाग पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थाचा आणि नंतरचा खऱ्या विक्रेत्याचा. 'गूगल' आणि तारका दिसली तर प्ले स्टोअरची खरेदी. घरातल्या प्रत्येक गूगल खात्याने प्ले स्टोअर उघडून 'पेमेंट आणि सदस्यत्वे' यातला खर्चाचा इतिहास बघा. मुलांच्या टॅबवर वडिलांचं कार्ड जोडलेलं राहिलेलं असतं आणि खेळातली नाणी त्यावरून जातात. ॲपलचं असेल तर 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' या त्यांच्या पानावर सगळी खरेदी दिसते. पाटीवरचं नाव आणि बिलावरचं नाव वेगळं असणं हेही नेहमीचंच. हॉटेल किंवा दुकान 'अमुक' असतं आणि कार्ड मशीन मालकाच्या कंपनीच्या नावावर. तेव्हा रक्कम आणि वेळ आधी जुळवा, नाव मागाहून.

यजमानांचं उत्तर येईपर्यंत कार्ड पूर्ण बंद करण्याऐवजी त्याचे दरवाजे अर्धे लावता येतात. ऑक्टोबर २०२० पासून बँकांना कार्डाचे वेगवेगळे वापर चालू-बंद करायची सोय ग्राहकाला द्यावी लागते. ॲपमध्ये 'कार्ड व्यवस्थापन' किंवा 'कार्ड नियंत्रण' शोधा. देशातला आणि परदेशातला वापर वेगळा, आणि त्यात एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, टेकवून देणं असे वेगळे खटके असतात. आज लगेच 'ऑनलाइन' दोन्हीकडचं बंद करा. परदेशातलं एटीएम आणि मशीन चालू ठेवा, म्हणजे यजमानांना बंदरात पिन टाकून पैसे काढता येतील. टेकवून देणंही बंद करा, भारतात ५,००० रुपयांपर्यंत त्याला पिन लागत नाही. आणि एटीएमची रोजची मर्यादा गरजेपुरती खाली आणा.

हे तात्पुरतं आहे. यजमान 'मी नाही केली' म्हणाले की कार्ड कायमचं रद्द करायचं आणि नवीन क्रमांकाचं मागवायचं. नुसतं खटके बंद करून तक्रार केली तर वादाचा अर्ज घेताना बँक कार्ड रद्द केलं का हे विचारतेच, आणि क्रमांक चोरांकडे गेला असेल तर तो पुन्हा कधीतरी वापरला जाणार.


डिचोलीकर_आयटी
यात एक भर. यजमानांनी ती वर्गणी घेतलीच असेल आणि नको असेल, तर कार्ड रद्द करून वर्गणी सुटेल असं धरू नका, काही विक्रेत्यांकडे नवीन कार्डाची माहिती आपोआप पोचते. वर्गणी विक्रेत्याकडेच रद्द करा. नियमाप्रमाणे नोंदवलेल्या आपोआप कपातींची यादी बँकेच्या ॲपमध्ये 'ई-मँडेट' किंवा 'स्थायी सूचना' या भागात असते, तिथूनही थांबवता येते. १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा कपातीची आगाऊ सूचना किमान २४ तास आधी यायला हवी, आणि साध्या वर्गणीला १५,००० रुपयांपर्यंत प्रत्येक वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे 'उद्या अमुक रक्कम कापली जाईल' असा मेल हा नेहमी खोटाच असतो असं नाही, उलट तो थांबवायची हीच वेळ.

आणि सामायिक मेल खातं तपासा, हे कोणीच सांगितलं नाही. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फिल्टर आणि ब्लॉक केलेले पत्ते' बघा. शिरलेला माणूस असा फिल्टर घालतो की बँकेचा मेल आला की थेट कचऱ्यात जाईल. 'फॉरवर्डिंग' या भागात अनोळखी पत्ता आहे का बघा. संगणकावर इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे 'तपशील' असतो, तिथे अलीकडे खातं कुठून उघडलं गेलं ते दिसतं. यजमानांची बोट उपग्रहाचं इंटरनेट वापरत असेल तर देश भलताच दिसेल, तेवढ्याने दचकू नका, उपकरण जुळवा. अचानक शेकडो वर्गण्यांचे, नोंदणीचे मेल एकदम येऊन आदळले तर ते पुसत बसू नका. त्या ढिगाऱ्यात खरेदीचा एक खरा मेल लपवण्यासाठीच तो पाऊस पाडतात. बँकेचं नाव टाकून शोधा आणि ॲप उघडा.


आग्वादचा_दिवा
मुदतीबद्दल कोणी नीट लिहिलेलं नाही आणि पैसा सगळा त्यावर अवलंबून आहे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं, ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत त्याची जबाबदारी किती, यावर. सहकारी बँकांसाठी तेच डिसेंबर २०१७ मध्ये आलं, म्हणजे गोव्यातल्या सहकारी बँकेचं कार्ड असलं तरी लागू. पतसंस्था मात्र बँक नव्हे.

त्यात तीन पायऱ्या आहेत. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, कळवलं असो वा नसो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, म्हणजे तिसऱ्याच ठिकाणी कार्डाचा क्रमांक फुटला, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं की जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर मर्यादित: साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, मूलभूत (किमान शिल्लक न लागणाऱ्या) बचत खात्याला ५,०००, आणि ५ लाखांहून जास्त मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला २५,००० किंवा गेलेली रक्कम, यातलं जे कमी ते. ७ दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर. तिसरी पायरी ग्राहकाच्या निष्काळजीपणाची. ओटीपी, पिन स्वतः दिला तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे ओटीपी दिला असेल तरी लाजून गप्प बसू नका. कळवल्याच्या क्षणापासून पुढचं ओझं बँकेवर जातं.

दिवस मोजताना सूचना मिळाली तो दिवस धरत नाहीत आणि कामकाजाचे दिवस तुमच्या मूळ शाखेचे. गोव्यात याने फरक पडतो. उदाहरण बघा: सूचना गुरुवारी १८ डिसेंबर २०२५ ला आली. शुक्रवारी १९ ला मुक्तिदिनाची सुट्टी. शनिवार २० हा तिसरा शनिवार, बँक चालू, तो पहिला दिवस. रविवार गेला. सोमवार २२ दुसरा, मंगळवार २३ तिसरा. शाखा मुंबईची असेल तर १९ ही मोजली जाते आणि मुदत सोमवारीच संपते. नोकरीनिमित्त बाहेर खातं काढलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. पण हा हिशेब वाद झाला तर हक्क दाखवायला. कळवायला मात्र शाखा उघडायची वाट बघू नका, चोवीस तासांची सेवा असते. घड्याळ सूचना मिळाल्यापासून चालतं, आणि तुमच्याकडे मेल येऊन पडलाच आहे.

कळवल्यावर बँकेने तक्रार क्रमांकासह पोच द्यावी लागते. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत तेवढी रक्कम तात्पुरती जमा करावी लागते, तीही व्यवहार झाला त्या तारखेच्या हिशेबाने, आणि ९० दिवसांत निकाल. ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. 'व्यवहार यशस्वी दाखवतोय' एवढं उत्तर देऊन तक्रार बंद केली तर लेखी विचारा: कोणत्या पडताळणीने झाला, ओटीपी कोणत्या क्रमांकावर गेला, विक्रेत्याने काय पुरावा दिला.

फसवणूक पक्की असेल तर बँकेपाठोपाठ लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन, किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर नोंद. यूपीआयने किंवा नेटबँकिंगने दुसऱ्या खात्यात गेलेले पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येतात, त्यासाठी पहिले काही तास मोलाचे. परदेशी विक्रेत्याकडे कार्डाने गेलेले पैसे तसे गोठवता येत नाहीत, तिथे बँकेमार्फत कार्ड कंपनीकडे वाद नोंदवणं हाच मार्ग. गोव्यात सायबर गुन्ह्यांचं पोलीस ठाणं रायबंदरला आहे. बँकेकडून ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार ऑनलाइन होते, शुल्क नाही, वकील नको.


आबोली_फोंडा
यजमानांचं उत्तर आलं: खरेदी त्यांची नाही. ऑनलाइन वापर मी काल रात्रीच बंद केला होता. आता कार्ड त्यांच्या नावावर असताना तक्रार मी कशी करू? बोटीवरून फोन लागत नाही.


आग्वादचा_दिवा
ॲप तुमच्या हाती आहे तर कार्ड आताच तिथून कायमचं रद्द करा, त्याची पोच येते. लेखी तक्रार मात्र यजमानांच्या नावाने, बँकेत नोंदवलेल्या मेल पत्त्यावरून जाऊ दे. तुमचा पत्ता सामायिक आहे, त्यामुळे मसुदा तुम्ही करा, ते बोटीवरून वाचून पाठवतील. त्या परिपत्रकाप्रमाणे बँकेच्या सूचनेच्या मेललाच उत्तर देऊन हरकत घेता यायला हवी, तरी वर सांगितल्याप्रमाणे आधी डोमेन बघा, आणि बँकेच्या संकेतस्थळावरचा तक्रारीचा पत्ताही 'प्रति'मध्ये घाला. मसुदा साधारण असा:

'माझ्या बचत खात्याच्या, शेवटचे चार आकडे अमुक असलेल्या डेबिट कार्डावर अमुक तारखेला अमुक वाजता ८९ रुपयांचा व्यवहार झाला. विक्रेत्याचं नाव सूचनेत आहे तसं: अमुक. हा व्यवहार मी केलेला नाही, कोणाला करायला सांगितलेला नाही. ओटीपी, पिन किंवा कार्डाची माहिती कोणाला दिलेली नाही. कार्ड माझ्याजवळ आहे. सूचना अमुक तारखेला मिळाली. कार्ड अमुक तारखेला अमुक वाजता रद्द केलं. संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबद्दलच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे रक्कम जमा करावी आणि तक्रार क्रमांक कळवावा.'

पूर्ण कार्ड क्रमांक, मुदत, पाठीमागचे आकडे यातलं काहीही लिहू नका. सोबत सूचनेच्या मेलची प्रत आणि खात्यातल्या नोंदीचं चित्र जोडा. त्या दिवशी ते समुद्रावर असल्याचा बोटीचा कागद असेल तर तोही, पण ऑनलाइन खरेदी कुठूनही होते, त्यामुळे फक्त त्यावर भिस्त नको.


सत्तरी_सुमन
नवीन कार्ड फोंड्याच्या पत्त्यावर येईल आणि यजमान महिनोन् महिने बाहेर, तेव्हा बोटीवर असणाऱ्यांच्या घरांसाठी दोन गोष्टी.

प्रवासाच्या कार्डाचं खातं वेगळं ठेवा आणि त्यात लागतील तेवढेच पैसे. पगार जमा होतो त्या खात्याचं कार्ड ऑनलाइन कुठेच टाकू नका. दुसरं कार्ड दुसऱ्या बँकेचं असेल तर एक रद्द झालं तरी माणूस बंदरात अडकत नाही.

दुसरं, बँकेत नोंदवलेलं सिम. सहा-नऊ महिन्यांच्या करारात ते बंद पेटीत पडून राहतं. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्याला देते. मग बँकेचे एसएमएस आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातात. ते सिम घरच्या जुन्या फोनमध्ये चालू ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका आणि महिन्यातून एकदा त्यावरून एक फोन करा. बँकेला ओटीपी मेलवरही पाठवता येतो का ते शाखेत विचारा, परदेशात राहणाऱ्या ग्राहकांसाठी काही बँका तशी सोय देतात. ती घेतलीत तर त्या सामायिक मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, कारण मग खात्याची किल्ली तोच मेल होतो.